कपाटावरचे सातशे साठ दिवस

मित्रांनो, मला जुना म्हणायचं की नवा, हे तुम्हीच ठरवा. जन्माला येऊन मला सहा वर्षं झाली. त्यातले पहिले अकरा दिवस मी कामावर होतो आणि पुढचे सातशे साठ दिवस कपाटावर. हे दिवस मी स्वतः मोजले आहेत. कपाटावर दुसरं काम नसतं.

मी पंखा आहे. छताचा नव्हे आणि टेबलावरचाही नव्हे. कॉम्प्युटरच्या पोटात ग्राफिक्स कार्ड नावाची एक पाटी असते. स्क्रीनवर दिसणारी चित्रं तीच रंगवते आणि रंगवता रंगवता तापते. तिला गार ठेवणं हे माझं काम. तळहाताएवढे तीन पंखे, त्यांच्यामागे कागदासारख्या पातळ पत्र्यांची चळत आणि चार तांब्याच्या नळ्या, एवढा माझा संसार. तिन्ही पंखे एकाच तारेवर फिरतात आणि एकदमच थांबतात, म्हणून मी स्वतःला 'मी' म्हणतो. 'आम्ही' म्हणावं इतकी सोबत मला कधी वाटली नाही.

कारखान्यात माझी परीक्षा झाली ती चाळीस सेकंदांची. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईने मला फिरवलं, कान जवळ आणला आणि शेजारणीला म्हणाली, "याचा आवाज ऐक. झोप येईल बघ."

शेजारीण म्हणाली, "तुला कशानेही येते."

माझ्या आवाजाची स्तुती म्हणून जी काही झाली ती एवढीच. पुढे बराच काळ मी तिच्यावरच दिवस काढले.

मग मला सतरा स्क्रूंनी कार्डावर घट्ट बसवलं. आमच्या दोघांमध्ये राखाडी मलमाचा पातळ थर होता. कार्डाची ऊब त्या मलमातून माझ्याकडे यायची. आमचा दोघांचा एकत्र फोटो खोक्यावर छापला आणि आम्ही त्या खोक्यातून दुकानात आलो.

आम्हाला घरी नेलं ते एका चोवीस वर्षांच्या मुलीने. ती माझी मालकीण. न बांधलेल्या घरांच्या खोल्या चित्रात दाखवणं हा तिचा व्यवसाय. भिंतीचा रंग, खिडकीतून येणारं ऊन, खुर्चीची सावली, सगळं हुबेहूब. फक्त तिच्या खोल्यांत कधी माणूस नसे. नोकरी सोडून ती घरून काम करणार होती आणि त्यासाठी कॉम्प्युटर स्वतः जुळवणार होती. आयुष्यातला पहिलाच.

घरात दोनच माणसं, ती आणि तिचे बाबा. बाबा बेकरीत भट्टी सांभाळायचे. रात्रभर पाव भाजायचे, सकाळी साडेसातला घरी यायचे आणि बाहेरच्या खोलीत खाटेवर झोपायचे. वीस वर्षं हे दोघे बेकरीच्या मागच्या दोन खोल्यांत राहिले होते. मालकाला त्या गोदामासाठी हव्या झाल्या म्हणून तीन महिन्यांपूर्वी या घरात आले. जिन्याला लागून असलेलं घर. आतल्या खोलीत स्वयंपाक आणि मोठी कपाटं, तेव्हा कॉम्प्युटरही बाहेरच्याच खोलीत, खाटेपासून चार हातांवर बसवावा लागला.

टेबल खिडकीशी लावलं. मालकीण म्हणाली, "बाबा, पडदा काढते हं. दिवसाच्या उजेडात रंग खरे दिसतात."

"काढ की. मला काय, डोळे मिटले की अंधार."

पुढे काय काय झालं ते सगळं या एका वाक्यापासून झालं. पण त्या दिवशी ते कुणाच्या ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही.

जोडणी संपायला संध्याकाळ झाली. मालकिणीने बटण दाबलं. काहीच झालं नाही. तिने सगळ्या तारा काढल्या, परत लावल्या. दोन तास गेले. तिच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं. बाबा कामावर निघाले होते. चपला घालता घालता म्हणाले, "मागचं बटण चालू आहे का गं? आमच्या भट्टीलाही मागे एक असतं. नवीन माणूस हमखास विसरतो."

मागचं बटण बंद होतं. मालकिणीने ते दाबलं आणि मी पहिल्यांदा फिरलो. ती टाळ्या वाजवत होती. बाबा दारातूनच म्हणाले, "तापतं किती हे?"

"अठ्ठ्याहत्तर अंश."

"बस? एवढ्यात आमच्या पावाचा गोळाच राहील."

मित्रांनो, त्यानंतरचे अकरा दिवस माझे. मालकीण सकाळी आठला कामाला बसे. मोठं चित्र तयार होऊ लागलं की कार्ड तापे, मी जोरात फिरे आणि खोलीभर माझा घुंऽऽऽ असा एकसुरी आवाज भरून राही. चार हातांवर बाबा झोपलेले असत. मला लोकांकडे बारकाईने पाहायची खोड आहे. साडेसात तासांत बाबा दोनदा कूस बदलत. पण झोपताना तोंडावर टॉवेल घेत, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

मालकिणीने तो टॉवेल पहिल्या दिवशी पाहिला. दुसऱ्या दिवशी पाहिला. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "बाबा, पंख्यांचा त्रास होतो का हो?"

"छे! मला ऐकूसुद्धा येत नाही."

आता ज्या पंख्यांचा आवाज जिन्यापर्यंत जात होता, तो चार हातांवर ऐकू येत नाही असं म्हणणाऱ्या माणसावर कुणी विश्वास ठेवावा? बाबा कधी कशाची तक्रार करत नाहीत हे तिला लहानपणापासून माहीत. त्यामुळे 'नाही' या उत्तराचा अर्थ तिने 'हो' असा लावला. तिने टॉवेलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मनाशी ठरवलं. माझी बाजू कुणी मांडली नाही.

दहाव्या दिवशी ती दुकानात गेली. नेताना मला कार्डासकट पिशवीत घातलं होतं, म्हणून तिथलं बोलणं मी ऐकलं. दुकानदार चष्मा कपाळावर ठेवून बोलायचा आणि वाचायची वेळ आली की तो शोधायचा.

"पाण्यावरचं कूलिंग? कार्डाला?" तो म्हणाला. "ताई, मशीन पहिलंच ना तुमचं? पहिल्या मशीनमध्ये पाणी कशाला घालता?"

"मला शांतता हवी आहे. बाबा दिवसा झोपतात."

"मग पंख्यांचा वेग थोडा उतरवा. कार्डावर जरा कमी भार टाका. चित्र दहा मिनिटं उशिरा होईल, एवढंच."

"दहा मिनिटं गुणिले दिवसाला आठ चित्रं."

"हिशेबाला पक्क्या आहात. बरं, बाबांना विचारलंत?"

"विचारून ते खरं थोडंच सांगणार?"

दुकानदाराने चष्मा शोधला, कपाळावर सापडला तो डोळ्यांवर घेतला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. मग खोकं काढून समोर ठेवलं. "पंप कार्डावर बसतो. पाणी या दोन नळ्यांनी जाळीत जातं, तिथं गार होतं आणि परत येतं. एकच लक्षात ठेवा. जाळी वरच्या बाजूला बसवा. आत थोडी हवा असतेच, ती वर जाते. जाळी खाली गेली तर हवा पंपात जमेल. आधी गुरगुरेल, मग मरेल."

तिने ते वहीत लिहून घेतलं. दोन रेघा मारल्या खाली.

अकराव्या दिवशी तिने सतराच्या सतरा स्क्रू काढले. मलमाचा थर सुटताना चिकट आवाज झाला. तीच माझी आणि कार्डाची ताटातूट. कार्डावरचं मलम तिने कापसाने पुसलं, जिथे मी होतो तिथे पंप बसवला आणि जाळी घेऊन कॉम्प्युटरच्या पेटीच्या छताकडे गेली. तिथे बाबांचं गजराचं घड्याळ होतं, त्यांचा चष्मा होता, घडी घातलेला रुमाल होता. खाटेवरून हात लांब केला की सापडावं म्हणून बाबा आपल्या चार वस्तू पेटीवर ठेवत. जाळी वर बसवली तर तिची गरम हवा छतातून बाहेर पडणार आणि त्या वस्तूंना जागा उरणार नाही. मालकीण थोडा वेळ जाळी हातात धरून उभी राहिली. मग तिने ती खाली, तळाशी बसवली.

वहीतल्या दोन रेघा एका रुमालापुढे हरल्या. अशी चूक दुसऱ्या घरात झाली नसती.

मला परत खोक्यात ठेवलं. ज्या खोक्यातून आम्ही दोघे आलो होतो त्याच खोक्यात मी एकटा. वर फोटो मात्र दोघांचा. सतरा स्क्रू यीस्टच्या रिकाम्या डबीत गेले आणि डबी माझ्या शेजारी. खोकं बाहेरच्या खोलीतल्या भिंतीवरच्या कपाटावर चढलं. खोक्याला हात घालायला एक भोक होतं, त्यातून मला खाट, टेबल आणि दाराचा अर्धा भाग दिसायचा.

जाळीलाही दोन पंखे होते, पण मोठे आणि सावकाश. ते फिरतात की नाही हे पाहायला मालकीण हात लावून बघायची. कार्डाचं तापमान चोपन्नावर आलं. तिने आत्याला फोन करून सांगितलं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. ती रविवारी बघायला आली.

"पाण्यावर चालतं म्हणे!" आत्या पेटीत डोकावून म्हणाली. "नळ कुठे जोडलाय?"

"आत्या, बंद असतं ते. एकदाच भरलेलं."

"म्हणजे कधी बदलायचं नाही? शिळं पाणी पाजतेस होय बिचाऱ्याला?" मग भावाकडे वळून, "काय रे, आता झोप लागत असेल छान."

"छान लागते," बाबा म्हणाले.

मित्रांनो, भोकातून मला जे दिसत होतं ते वेगळं होतं. घर इतकं शांत झालं की आता सगळंच ऐकू येऊ लागलं. जिन्यावरचं पाऊल, वरच्या मजल्यावरचा नळ, समोरच्या घरातली कुकरची शिट्टी, कुणाचं तरी दार. प्रत्येक आवाजाला बाबा डोळे उघडत. टॉवेल तोंडावर तसाच. मी कूस बदलणं मोजत असे. माझ्या वेळी दोन होतं, आता नऊ. कधी अकरा. मध्येच ते उठून बसत, लेकीच्या पाठीकडे बघत आणि पुन्हा आडवे होत. ती इअरफोन लावून बसलेली असे, तिला ते कळत नसे. तिला वाटे, शांतता आहे म्हणजे झोप आहे. त्यांना वाटे, एवढी खटपट तिने आपल्यासाठी केली, आता तोंड उघडायचं कसं?

चार हातांच्या अंतरात दोन माणसं एकेकटी होती आणि तिसरा मी, कपाटावर. माझ्याकडे उपाय होता पण तोंड नव्हतं. त्यांना तोंडं होती.

असं दीड वर्ष चाललं. मग एका सकाळी बाबा आले ते मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी बांधून. भट्टीसमोर उभ्या उभ्या डुलकी लागली आणि हात तिच्या तापलेल्या दारावर टेकला. मालकिणीला म्हणाले, "जरासं भाजलंय." रविवारी आत्याने खरं काढलं.

"मालक काय म्हणाला, ते सांग तिला."

"काही नाही गं."

"मी सांगते. पुन्हा असं झालं तर भट्टीवरून काढून गल्ल्यावर बसवीन म्हणालाय. तीस वर्षं भट्टी ओळखणारा माणूस सुट्टे पैसे मोजत बसणार. अरे, झोपतोस ना नीट?"

"झोपतो."

मालकिणीचा चेहरा मला भोकातून दिसला. त्या दिवसापासून तिने माउससुद्धा बिनआवाजाचा आणला. बिचारीने खोली आणखी शांत केली.

तळाच्या जाळीने मात्र आपला सूड हळूहळू घेतला. पंपात हवा जमू लागली. रोज सकाळी पाच मिनिटं गुरगुर व्हायची. बाबा म्हणायचे, "तुझ्या यंत्राला भूक लागलीय." पाच मिनिटांची दहा झाली, दहाची अर्धा तास. आणि सातशे साठाव्या दिवशी दुपारी पंप गप्प झाला. तापमान साठ, पंचाहत्तर, नव्वद. स्क्रीन काळी. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला एका घराच्या नऊ खोल्या द्यायच्या होत्या. चार झाल्या होत्या.

मालकीण दुकानात पळाली. नवा पंप यायला आठ दिवस लागतील, असं दुकानदार म्हणाला. ती परत आली, खुर्चीत बसली आणि छताकडे बघत राहिली. छताकडे बघता बघता तिची नजर कपाटावर थांबली.

मला खाली काढलं तेव्हा माझ्या अंगावर धूळ नव्हती, खोकं चांगलं होतं. पण इतके दिवस न फिरल्यामुळे मधला पंखा अवघडला होता. यीस्टच्या डबीत स्क्रू सोळाच निघाले. सतरावा कुठे गेला ते मला आजही माहीत नाही. तिने मलम लावलं, मला कार्डावर ठेवलं आणि स्क्रू आवळले. दोन वर्षांनी कार्डाची ऊब पुन्हा माझ्यापर्यंत आली. त्याबद्दल मी जास्त बोलणार नाही.

मागचं बटण तपासून तिने पुढचं दाबलं. मी फिरलो. मधला खडखडला, पण फिरला.

सकाळी बाबा आले तेव्हा ती दारातच म्हणाली, "बाबा, आजचा दिवस सोसा. पाणी बंद पडलंय, पंखे लावलेत. फार आवाज होतोय."

"होऊ दे," बाबा म्हणाले. टॉवेल घेतला आणि आडवे झाले.

पाचांतल्या दोन खोल्या अजून रंगवायच्या होत्या. मी पूर्ण वेगाने फिरत होतो. जिन्यावर पावलं वाजली असतील, वरचा नळ वाहिला असेल. काहीच ऐकू आलं नाही. बाबांनी कूस बदलली, एकदा. मग दुपार झाली. अकराला काम देऊन मालकीण मोकळी झाली होती, पण दुसऱ्या एका कामाची चित्रं सुरू होती. तीन वाजता गजर झाला. बाबा उठले नाहीत. मालकिणीने गजर बंद केला. चार वाजले. साडेचारला ती घाबरली. खाटेशी गेली, टॉवेल हळूच उचलला आणि बोट त्यांच्या नाकाशी धरलं.

बाबांनी डोळे उघडले. "काय गं?"

"बाबा, साडेचार वाजले!"

"वाजले?" ते उठून बसले. चेहरा एखाद्या लहान मुलासारखा फुगला होता. "अशी झोप त्या जुन्या खोलीनंतर आजच."

"या आवाजात?"

"अगं, वीस वर्षं उशाशी भिंत होती आणि भिंतीपलीकडे भट्टीचा मोठा पंखा. तो थांबला की मी जागा व्हायचो. काहीतरी बिघडलं म्हणून."

मालकीण खाटेच्या कडेवर बसली. मग हातातला टॉवेल पुढे करून म्हणाली, "मग हा?"

"तो उजेडासाठी. पडदा काढलास ना तू."

"बाबा, मी समजत होते कानांवर घेता."

"कानांवर घ्यायला तोंडावर कशाला घेईन?"

"पण मग सांगायचं नाही का?"

"तुला उजेडात रंग खरे दिसतात म्हणालीस. आणि नंतर तू एवढं सगळं पाण्याचं केलंस..." बाबा पट्टीच्या जागेवरून हात फिरवत राहिले. तिथे आता फक्त गुलाबी डाग होता. तिने तो डाग पाहिला आणि मान खाली घातली.

एका पडद्यात भागलं असतं, मित्रांनो. दोन वर्षं, एक पंप, एक भाजलेला हात आणि माझे सातशे साठ दिवस, सगळं त्या एका पडद्याच्या जागी खर्च झालं.

संध्याकाळी पडदा लागला. दुसऱ्या दिवशी बाबांनी विचारलं, "आता रंग दिसतात का?" ती म्हणाली, "दिसतात." "खरं?" "खरं." "पुन्हा सांग." तेव्हापासून त्या घरात प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायची पद्धत पडली. पंप खोक्यात जाऊन कपाटावर बसला. त्याच्याकडे पाहून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. ते भोक मला माहीत आहे.

गोष्ट इथे संपली असती तर बरं होतं. पण दोन वर्षांनी मालकिणीला दुसऱ्या शहरात मोठं काम मिळालं. तिथे तिला नवा कॉम्प्युटर आहे. मला ती बाबांकडे ठेवून गेली. बाबांना कॉम्प्युटर येत नाही. जायच्या आधी तिने कीबोर्डच्या दोन बटणांना रंग दिले आणि स्क्रीनच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवली: 'हिरवं बटण, झोपताना. लाल बटण, उठल्यावर.'

आता रोज सकाळी आठला बाबा हिरवं बटण दाबतात. मग कार्ड एक चित्र रंगवू लागतं. चित्र ही बाहेरचीच खोली आहे, मालकिणीने शेवटच्या आठवड्यात काढलेली. खाट आहे, अर्धा ओढलेला पडदा आहे, पेटीवर घड्याळ, चष्मा, रुमाल. चित्र पुरं झालं की कार्ड ते पुसून पुन्हा पहिल्यापासून रंगवतं. ते कुणी बघत नाही. कार्ड तापावं, मी फिरावं आणि आवाज व्हावा, एवढ्यासाठीच ते आहे.

चार वाजता फोन येतो.

"झोप झाली?"

"झाली."

"खरं?"

"खरं."

"फोन जरा टेबलाशी धरा." बाबा फोन माझ्याजवळ आणतात. ती ऐकते. "मधला फारच खडखडतोय हो. बदलून घ्या ना."

"राहू दे. घरात बोलणारा तो एकच आहे."

"मग धरा अजून जरा," ती म्हणते.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखा कुणी असेल तर वर्षातून एकदा त्याची धूळ पुसा, एवढं मागायचा मला हक्क आहे. आणि कुणी तोंडावर टॉवेल घेऊन झोपत असेल, तर त्याला शांतता आणून देण्याआधी विचारा. एकदा विचारून थांबू नका. पहिलं उत्तर तुमच्या सोयीसाठी दिलेलं असतं.

फोन ठेवल्यावर लाल बटण दाबायचं असतं. बाबा ते लगेच दाबत नाहीत. चहाचा कप घेऊन खाटेच्या कडेवर बसतात आणि स्क्रीनवरच्या त्या खोलीकडे पाहतात. खाट हुबेहूब आहे, चादरीची घडीसुद्धा. खाटेवर कुणी नाही. माणसं तिला अजून जमत नाहीत. चहा संपतो, कप गार होतो, आणि मी फिरत राहतो.